बाबांचं मत

एम.ए.चा निकाल लागला त्याच महिन्यात मला काम मिळालं, आणि ते असं काम होतं की घरी सांगायची सोय नव्हती. युरोपातून एक बाई नागपुरात आल्या होत्या. विद्यापीठातल्या आमच्या सरांनी मला त्यांच्याकडे दुभाषी म्हणून पाठवलं. जे पक्ष माणसांची 'आपले' आणि 'परके' अशी वाटणी करून मतं मागतात, त्यांना साधी माणसं मतं का देतात, हे बाईंना घरोघरी जाऊन विचारायचं होतं. हेच काम त्यांनी आधी त्यांच्या देशात केलं होतं. तिथं लोकांना पोटभर खायला होतं, म्हातारपणी पेन्शन होती, तरी लोक अशा पक्षांकडे वळत होते. जिथं लोकशाही तरुण आणि गरीब आहे तिथं काय कारणं निघतात, हे त्यांना आता पाहायचं होतं. आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

घरी म्हणजे बाबांना. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली होती. आणि बाबा अशाच एका पक्षाला मत देत होते. त्या पक्षाचं नाव मी लिहीत नाही. नाव वाचलं की वाचणारा तिथंच रागावून नाहीतर खूश होऊन बसतो, आणि मला सांगायचंय ते बाबांबद्दल.

बाबा नागपूरजवळ कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. त्याआधी दुसऱ्या, जुन्या केंद्रात. वऱ्हाडातल्या एका खेड्यातून, सातवी शिकून, थोरल्या भावाकडे शेती सोपवून ते निघाले होते. कोराडीच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, म्हणून आई पांढरं काही बाहेर वाळवत नसे. शेजारच्या क्वार्टरात चाचा राहायचे, बाबांच्याच पाळीतले. ते मुसलमान, पण मूळचे आमच्याच तालुक्यातले. त्यांची वऱ्हाडी बाबांपेक्षा अस्सल होती. आई गेल्यावर मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना माझी वेणी चाचींनी घातली. रोज, सातही पेपरांना. इतक्या घट्ट घालायच्या की कपाळ ताणायचं. पुढे मी कॉलेजसाठी शहरात होस्टेलवर आले, ती तिथलीच झाले.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीला घरी गेले, तर आमच्या क्वार्टरच्या छपरावर त्या पक्षाचा झेंडा. चाचांच्या अंगणातून सरळ समोर दिसेल असा. भाषणांमध्ये त्या पक्षाचे लोक चाचांसारख्यांबद्दल काय बोलतात, ते मी शहरात कानांनी ऐकलं होतं. मी बाबांना विचारलं, "हे काय आहे?" बाबा म्हणाले, "झेंडा हाये." मी म्हणाले, "चाचींसमोरून मी आता कशी जाऊ?" बाबा म्हणाले, "पायानं जाय." त्यांना विनोद करायचा होता की काय, कोण जाणे. मी खूप बोलले. हा झेंडा असेपर्यंत या घरात पाणी पिणार नाही, असंही बोलले, आणि फराळाचं ताट तसंच ठेवून दुपारच्या बसनं परत आले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी चाचा क्वार्टर सोडून शहरात, त्यांच्या मेहुण्याच्या मोहल्ल्यात राहायला गेले. रोज बसनं कामावर यायचे. हे मला बाबांच्या पोस्टकार्डातून कळलं, एका ओळीत. मी उत्तर दिलं नाही.

नंतरची तीन वर्षं मी घरी गेले नाही म्हटलं तरी चालेल.

बाई उंच होत्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. नागपूरच्या उन्हानं त्यांचं नाक सोलवटलं होतं. खादीचा कुडता त्यांनी हौसेनं घेतला होता, तो त्यांना फार आखूड व्हायचा. कामात कडक. त्यांचे दोन नियम होते. पहिला, ओळखीच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही. मतदारयादीतून दर चाळिसावं नाव घ्यायचं आणि त्याच दारात जायचं. दुसरा, दुभाष्यानं 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की मीही इंग्रजीत 'मी' म्हणायचं. मला हे आधी विचित्र वाटलं. दिवसभर मी कधी साठ वर्षांचा सोनार व्हायचे, कधी चार लेकरांची आई.

प्रश्नांची यादी बारा पानांची होती. प्रत्येक प्रश्नाखाली चौकोन: बेकारी, महागाई, सरकारवरचा राग, धर्म, पुढाऱ्यावरचा विश्वास. चौकोनात खूण करायची. पण माणसं चौकोनात बसायला तयार नसत. हिंगण्याच्या एका कारखान्यातला कामगार कंपनीच्या बसमधून उतरून नुकताच घरी आला होता. तो म्हणाला, "बाकीचे पक्ष पाच वर्षांनी येतात. हे लोक माहा बाप वारला तवा आले. मले तिरडी बांधता येत नव्हती. त्याहीनं बांधली." बाईंनी मला विचारलं, "ही खूण कुठं करायची?" मला सांगता आलं नाही. त्यांनी समासात लिहून घेतलं. एका मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "मी त्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा माईकवर बोलली. घरात मी बोलली तर सासरे उठून जातात." तेही समासात गेलं.

सगळेच असे नव्हते. एका कापड दुकानदाराकडे गेलो. त्यांचं सगळं छान चाललेलं, मुलं शिकलेली, तब्येत उत्तम. त्यांनी हसत हसत सांगितलं की अमक्या वस्तीतल्या लोकांना एकदा धडा शिकवायला हवा, आणि तो हा पक्षच शिकवेल. मग आम्हाला बर्फी दिली. बाईंनी ती खाल्ली नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दुःखामुळेच लोक तिकडे जातात, असं लिहायला मला आवडलं असतं. पण हा माणूस सुखी आहे."

फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चटका देऊ लागलं होतं. एका सकाळी बाईंनी त्या दिवसाची नावं वाचून दाखवली. कोराडीच्या वसाहतीतलं एकच नाव होतं. ते बाबांचं होतं.

मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बाबांची पहिली पाळी असेल, दाराला कुलूप असेल, बाई पुढचं नाव घेतील, असं मी मनाला समजावलं. पण ते खरं कारण नव्हतं. कोराडीच्या बसमध्ये बसले तेव्हा बस लवकर पोचावी असं वाटत होतं.

दार बाबांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात वर्तमानपत्र. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्या हातातल्या कागदांकडे. वसाहतीत आमच्या कामाची बातमी आधीच फिरली असणार. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नमस्कार. या, बसा. तुमी कुठून आल्या?"

'तुमी' माझ्यासाठी होतं.

मी काय करावं? मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. "आम्ही विद्यापीठातर्फे आलोय. तुमच्याशी थोडं बोलायचंय. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"नाव आलं तरी चालते," बाबा म्हणाले. "मी काही चोरी नाई केली."

ते आत जाऊन शर्ट घालून आले. पाणी आणि गुळाचे खडे आणले. ज्या दिवाणावर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला त्याच्या कडेला मी पाहुण्यासारखी बसले. कूलर काढून लावला होता, वाळ्याचा वास येत होता. बाबांनी कूलरचं तोंड जरा फिरवलं. मी पाणी प्यायले. तीन वर्षांपूर्वी काय बोलून गेले होते ते गिळून प्यायले.

बाईंनी सुरुवात केली. वय, शिक्षण, काम. बाबा ताठ बसून शाळेतल्या मुलासारखी उत्तरं देत होते. "घरात माणसं किती?" बाईंनी विचारलं, मी मराठीत विचारलं.

"एक," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पोरगी हाये. शहरात असते. लय शिकली."

नियमाप्रमाणे मी इंग्रजीत म्हणाले, "मला एक मुलगी आहे. ती शहरात असते. खूप शिकली आहे."

"ती येते का?" हा बाईंचा प्रश्न कागदावर नव्हता.

"कामात असते," बाबा म्हणाले.

"ती कामात असते," मी म्हणाले.

मग मतांचे प्रश्न आले. या पक्षाला पहिल्यांदा मत कधी दिलं? त्याआधी कुणाला देत होता? बाबा म्हणाले, "त्याच्या आधी बायको सांगे त्याले. तिले राजकारण जास्त समजे." मला हे माहीतच नव्हतं. आई चुलीपुढे बसून वर्तमानपत्राचा तुकडान् तुकडा वाचायची, एवढं आठवत होतं.

आणि मग तो प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत मी तो शंभर वेळा तरी विचारला असेल. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द वेगळेच निघाले. मी होस्टेलात गेल्यापासून सोडून दिलेली आमची बोली निघाली. "काहून?" मी विचारलं. "या पक्षाले मत काहून दिलं?"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोरगी होस्टेलात गेली," ते म्हणाले. "घरी आलो का बुटाची राख झटकायची, भात टाकायचा, रेडिओ लावायचा. बातम्या संपल्या का घरात आवाज नाई. बाजूले चाचा होता, पण त्याले पाच लेकरं. त्याच्या घरात किती वेळ बसून राहाव मानसानं? एक दिवस सकाळी त्या पक्षाचे एक मास्तर आले. म्हणे, 'तुमचं अक्षर चांगलं आहे असं ऐकलं. वसाहतीत कोणाला काय अडचण आहे त्याची एक यादी करून द्याल का?' आता पाहा, मी वीस वर्षं बॉयलरचा काटा पाहून राहिलो. काटा ठीक असला का कोणी विचारत नाई. बिघडला का साहेब धावत येते. माह्या अक्षराचं नाव सातवीच्या गुर्जीनंतर कोणी काढलं नव्हतं. मी यादी केली. मंग रोज सकाळी कोणी ना कोणी याले लागलं. 'काका, चाला. काका, हे कसं करावं?' मले ताप आला तर पेज घेऊन आले. मंग मतदान आलं. आता पेज यांची प्याची अन् मत दुसऱ्याले द्याचं, असं होते का?"

मी हे सगळं इंग्रजीत 'मी' म्हणून सांगितलं. मी एकटा होतो. घरात आवाज नव्हता. माझ्या अक्षराचं नाव कुणी काढलं नव्हतं. 

बाई लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हा पक्ष दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल जे बोलतो, ते तुम्हाला पटतं?"

बाबांनी मांडीवरचे हात पालथे केले. "काही पटते, काही नाई." मग म्हणाले, "त्या लोकाईचं मन इथं नसतेच, असं म्हणतात ते. मलेही वाटते कदी कदी. खोटं कायले बोलू?"

मी बाईंना फक्त एवढंच सांगितलं, की काही पटतं, काही पटत नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते यापेक्षा जास्त बोलले," त्या म्हणाल्या. "पूर्ण सांग."

ते वाक्य मला माझ्या तोंडानं, 'मी' म्हणून उच्चारावं लागलं. मलाही कधी कधी वाटतं की त्या लोकांचं मन इथं नसतं. ज्या चाचींनी माझी वेणी घातली त्यांच्या जुन्या क्वार्टरकडच्या भिंतीला पाठ करून मी ते बोलले. आजवर तोंडातून काढलेल्या वाक्यांपैकी ते मला सगळ्यात जड गेलं.

"तुमच्या ओळखीत त्यांच्यापैकी कुणी आहे का?" बाईंनी विचारलं.

"होता. या भिंतीच्या पलीकडं."

"त्याचं मन कुठं होतं?"

बाबांनी त्या भिंतीकडे पाहिलं. "त्याचं इथंच होतं," ते म्हणाले. "माह्यापेक्षा जास्त होतं. माही बायको गेली तवा तो आठ दिवस माह्याजवळ निजाले होता."

"मग आता?"

"गेला. मी झेंडा लावला, अन् तो गेला."

"झेंडा का लावला?"

"समद्याईच्या घरावर लागला. माह्याच घरावर नसता लावला, तर सकाळी माह्या दारात कोण आलं असतं?" बाबांचा आवाज पहिल्यांदा चढला होता, पण लगेच उतरला. "मले वाटलं, त्याले समजन. तो मले लहानपणापासून ओळखते. फडक्याचं काय मनावर घ्याचं? पण त्यानं घेतलं. पोरीनंही घेतलं."

मी सांगू लागले. "मला वाटलं, त्याला समजेल. तो मला ओळखतो. पण त्यानं मनाला लावून घेतलं." पुढचं वाक्य येईना. बाई वाट पाहत होत्या. कूलरचं पाणी टपटपत होतं. शेवटी मी म्हणाले, "माझ्या मुलीनंही." आणि रडायला लागले.

बाईंनी बारा पानं मिटली. "हे तुझे वडील आहेत," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला कधीच कळलं होतं. मला काचेचा पेला दिला, तुला न विचारता आतून पितळी फुलपात्र आणलं. कूलर तुझ्याकडे फिरवला."

"काय म्हणून राहिली ते?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही माझे वडील आहात, असं म्हणतात."

"मंग? खोटं हाये का?"

मला रडता रडता हसू आलं. बाबा उठले आणि त्यांनी भात टाकला. मी विचारलं, "तुम्ही असं अनोळखी असल्यासारखं का केलंत?" तांदूळ धुता धुता ते म्हणाले, "तू घरी आली असती तर भांडाले आली असती. कागद घेऊन आली म्हणून विचारलं तरी. मले सांगाचंच होतं वं. पण न विचारता कसं सांगाव?"

जेवायला गोळाभात होता, डाळीच्या पिठाचे गोळे घालून केलेला. बाई मांडी घालून जेवल्या, चिंचेचं सार दोनदा मागून घेतलं. जेवता जेवता त्यांनी स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितलं. डोंगरातलं छोटं गाव, वडिलांच्या गाई, दुधाचा धंदा. वडील हयात होते, आणि मुलगी ज्यावर पुस्तकं लिहीत होती तसल्याच पक्षाला कित्येक वर्षं मत देत होते. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर भांडण झालं, तेव्हापासून बाई गावी गेल्या नव्हत्या.

मी बाबांना हे मराठीत सांगितलं. बाबांनी घास हातातच धरला. "मंग तिनं त्याले विचारलं का, काहून देतो म्हणून?"

"नाही म्हणतात."

"अन् इतक्या दूर येऊन मले विचारून राहिली!"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाई मोठ्यानं हसल्या. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

नियमाप्रमाणे बाबांची मुलाखत बाद झाली. परतीच्या बसमध्ये बाईंनी ती बारा पानं मला देऊन टाकली. मार्च संपता संपता त्या गेल्या. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. त्या वडिलांकडे जाऊन आल्या होत्या. वडील म्हणाले, 'गावातली शाळा बंद झाली, पोस्ट बंद झालं, मग डॉक्टरही यायचा थांबला. हे लोक मात्र आले. ते थोडं खोटं बोलतात हे मला कळत होतं. पण आले तर होते.' मग दोघं दोन तास भांडले, असं बाईंनी लिहिलं होतं, आणि मग बटाटे सोलायला बसले.

मी दर रविवारी कोराडीला जाऊ लागले. आमचीही भांडणं व्हायची. मी वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवायचे, बाबा त्यांच्या पक्षाकडून ऐकलेलं काही सांगायचे, आवाज चढायचे. मग कुणीतरी भाजी निवडायला घ्यायचं. एका रविवारी बाबा म्हणाले, "चाचा जिन्यावरून पडला. पाय मोडला. महिनाभर सुट्टीवर हाये." थोड्या वेळानं म्हणाले, "तू सोबत असली तर जाता येईन."

आम्ही गेलो. चाची दारात आल्या, मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "किती वाळली वं पोट्टी!" बाबांकडे त्यांनी पाहिलं नाही, पण दारातून बाजूला झाल्या. चाचा खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये.

"झेंडा हाये का गा अजून?" त्यांनी विचारलं.

"हाये," बाबा म्हणाले.

"मंग काहून आला?"

"तू पडला म्हणे."

"पडलो तर पडलो. तुह्या पक्षाले आनंद झाला असन."

"माह्या पक्षाले माहीतही नाई तू कोण ते."

"तेच तर," चाचा म्हणाले. "त्याहिले माहीत नाई मी कोण. तुले माहीत होतं."

बाबा उभेच होते. खुर्ची होती, पण कुणी बसा म्हणालं नव्हतं. "मले एकटं राहता येत नव्हतं गा," ते म्हणाले.

"मी होतो ना बाजूले."

  चाचा होते, मीच बाबांजवळ नव्हते. बाबा तसेच उभे राहिले, आणि त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. आई गेली तेव्हाही मी तो तसा हलताना पाहिला नव्हता. चाचांनी ते पाहिलं, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मग खिडकीकडे पाहतच म्हणाले, "बस आता. उभा राहून काय करतो?"

बाबा खुर्चीवर बसले. मग चाचांनी विचारलं, "दोन नंबरचा पंप दुरुस्त झाला का?" बाबा म्हणाले, "कुठचा होते!" आणि त्या पंपावर, नव्या साहेबावर, ओल्या कोळशावर ते तासभर बोलत राहिले. चाचींनी ताटं वाढली. बाबांच्या ताटातली पोळी संपली, तर दुसरी त्यांनी न विचारता वाढली.

निघताना मी चाचांना विचारलं, तुम्ही मत कुणाला देता? सवयच लागली होती. ते म्हणाले, "जो आला का आमचा मोहल्ला नीट झोपू शकते, त्याले. तोही काही देत नाई आम्हाले. तुहा बाप सोबतीसाठी देते, मी झोपेसाठी देतो."

त्यानंतर येणं-जाणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. बाबा ईदला जात, चाचा दिवाळीला येत, आणि अंधार पडायच्या आत उठत. कोराडीला पुन्हा राहायला यायचा विषय चाचांनी कधी काढला नाही. झेंडा बाबांनी काढला नाही. सकाळी येणारी माणसं येत राहिली. मी बाबांना एकदा विचारलं, "चाचांनी एवढं सांगितल्यावरही?" बाबा म्हणाले, "ते माणसंही माहीच हायेत वं. आता त्याहिले कसं सोडू?" ते मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्यांना हे विचारायला मी पुन्हा कधी घाबरले नाही.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला छोटं घर बांधलं. तोवर माझं लग्न झालं होतं, मी कॉलेजात शिकवत होते, आणि मुलगी आठ महिन्यांची होती. नव्या घरातलं पहिलं मतदान आलं. शाळेत केंद्र होतं. आम्ही सकाळीच गेलो. रांग लांब होती, पोरीनं रडून गोंधळ घातला. एकानं तिला धरायचं आणि दुसऱ्यानं आत जायचं, असं ठरलं. आधी बाबा गेले. मी बाहेर कडुनिंबाखाली तिला झुलवत उभी राहिले. आत ते कुणाच्या नावासमोर शिक्का मारणार, हे मला ठाऊक होतं. मी कुणाला देणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

ते बाहेर आले. बोटावरची शाई अजून चमकत होती. नातीनं ते बोट धरायला हात पुढे केला, तर त्यांनी ते उंच धरलं. "ओली हाये, थांब," ते तिला म्हणाले. मग दुसऱ्या हातानं तिला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "जा वं. तुहं देऊन ये."